पाठीवरचं नाव

या, मंडळी, या! पुढे सरका. पुढची सतरंजी रिकामी आणि मागच्या भिंतीला मात्र रेटारेटी! देवाला काय लांबूनच रामराम करायचा होय? सरका, सरका. आणि ते खांबाला टेकलेले काका — टेका हो, झोप लागली तरी माझी हरकत नाही, फक्त घोरताना पेटीवाल्यांचा सूर सोडू नका!

तर आज एकच प्रश्न विचारतो. माणसाला लाज कशाची वाटावी?

सोपा वाटला ना? चोरीची वाटावी, खोटं बोलण्याची वाटावी — कबूल! पण खरं सांगा, वाटते का हो? लबाडी करून आलेला माणूस गावातून मिशीवर ताव देत फिरतो! आणि आपण लाजतो कशाला? लुगड्याला ठिगळ आहे म्हणून! पोरगी सावळी आहे म्हणून! घरातलं म्हातारं माणूस पाहुण्यांपुढे काहीतरी बरळलं म्हणून! आहे की नाही उलटा कारभार?

आणि नावाची हौस म्हणाल तर — जरा वर बघा. पंखा. पात्यांवर काय लिहिलंय? देणाऱ्याचं नाव! पंखा फिरला की ते दिसत नाही, म्हणून खाली भिंतीवर पुन्हा तेच नाव! वारा कमी आणि नावं जास्त! हसू नका, तुमचंही असेल कुठल्या तरी पायरीवर.

पण एका बाईनं नाव लावलं ते स्वतःचं नाही — नवऱ्याचं. आणि लावलं कुठं? त्याच्या पाठीवर! त्या बाईची गोष्ट आज सांगतो. ऐका.

बोरखडी नावाचं गाव. मोबाईल तिथं अजून पोचायचा होता, तेव्हाची ही गोष्ट. गावात गजराबाई खराडे राहायची. चौथीपर्यंत शिकलेली, उंचीनं बेताची, जिभेनं तिखट. गोधड्या शिवाव्यात तर गजराबाईनं! जुन्यापान्या कपड्यांतून अशी गोधडी करायची की घेणाऱ्याला ती पांघरायचा धीर होऊ नये, भिंतीवर टांगावीशी वाटावी.

तिचा नवरा दौलत खराडे. एसटीचा ड्रायव्हर. सगळा जन्म खाकी कपड्यांत गेला. घाटातून गाडी अशी उतरवायचा की आईच्या मांडीवरचं पोर जागं होत नसे. तालुक्यातली माणसं फाट्यावर उभी राहून विचारायची, "आज दौलतमामा हायत का गाडीवर? मग बसतो!" असा माणूस रिटायर झाला, घरी आला, अंगणात खाट टाकून बसला.

आणि मग, मंडळी, त्याचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं. चहा प्यायचा, कप खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आज चहा न्हाय का?" पोटच्या पोराला 'साहेब' म्हणायला लागला. आणि एक दिवस — भाकरी वाढणाऱ्या गजराबाईकडं बघून त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

माउली हो! ज्या माणसाबरोबर सगळा संसार केला, तो विचारतोय — तुम्ही कुणाच्या! काय झालं असेल तिच्या काळजाचं? रडली. चुलीपुढं बसून रडली आणि सुनेला सांगितलं, धूर गेला डोळ्यात. मग पदरानं डोळे पुसले, परत आली आणि म्हणाली, "मी इथलीच. जेवा तुम्ही."

आता एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण म्हातारा बाहेर पडायला लागला! फाटक उघडायचा, रस्ता धरायचा आणि जी गाडी उभी दिसेल तिच्यात चढून बसायचा. टेम्पो असो, ट्रक असो, लग्नाच्या वऱ्हाडाची मोटार असो! एकदा तर परक्यांच्या वऱ्हाडात जेवून आला. आहेराचा टॉवेल घेऊन आला! गावातली माणसं ओळखीची, हात धरून आणून सोडायची. पण गजराबाई फाटकाकडं डोळे लावून बसायची. एखाद्या दिवशी न ओळखणारं कुणी भेटलं तर? ह्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही. मग हे कुणाच्या दारात, कुठल्या गावात...? पुढचा विचार तिला करवत नसे.

तेवढ्यात आली मल्हारवाडीच्या खंडोबाची जत्रा. डोंगरावर देव, लाखो माणसं, पालखीवर भंडाऱ्याची उधळण — डोंगर पिवळा होतो नुसता! गजराबाईचा मुलगा वसंत, दूध सोसायटीचा चेअरमन. मोडू न दिलेली इस्त्री आणि वर मान. तो म्हणाला, "आई, बापूंना घरात ठेवू. बाहेरून कडी लावू. शेजारी लक्ष ठेवतील."

"कडी?" गजराबाई ताडकन उठली. "आरं, लगीन झाल्यापासनं त्येंनी एक जत्रा चुकवली न्हाय. डोक्यातनं समदं गेलं, पर 'येळकोट' म्हटलं की हात वर जातोय त्येंचा! देवाचा भंडारा त्येंच्या अंगावर पडणार. मी नेणार त्येंस्नी. आन् परत बी आणणार!"

आणि मग तिनं काय केलं? म्हाताऱ्याची जुनी खाकी पँट काढली. जाड कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण चिवट! त्यावर खडूनं अक्षरं काढली, कात्रीनं कापली. आधी वरच्या रेघेची एक लांब पट्टी लावली आणि तिच्याखाली एकेक अक्षर — काठ आत दुमडायचा, बोटानं दाबायचा आणि बारीक टाका घालायचा. कोऱ्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत — 'दौलत खराडे, बोरखडी'.

आता इथं एक गंमत लक्षात घ्या. गजराबाई जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही! उखाण्यात घेतलं असेल लग्नात तेवढंच. त्यानंतर 'अवं', 'हे', 'आमचं मालक'. शेजारणीच्या नातवाचं नाव दौलत ठेवलं, तर ही त्याला जन्मभर 'ए बारक्या' म्हणाली! आणि त्याच बाईनं ते नाव सुईनं शिवलं. प्रत्येक अक्षरावर तळहात फिरवला. तोंडाला बंदी होती, हाताला कुठं होती?

सदरा घालून म्हातारा बाहेर पडला आणि गाव हसलं! पारावरची टगी मंडळी ओरडली, "आरं, दौलतमामाला पाटी लागली! बोरखडी डायरेक्ट! मधे थांबणार न्हाय!" गजराबाई गरकन वळली. "व्हय, डायरेक्ट! तुमच्यासारकी रिकामी गाडी न्हाय ती!"

पण वसंत? त्याच्या अंगाची लाजेनं लाही लाही झाली. "आई, गुरांना डाग देतात असं! माझा बाप काय जनावर आहे?"

गजराबाई शांतपणे म्हणाली, "जनावर न्हाय, म्हणून तर नाव लिवलंय बाबा. जनावराला नुसता डाग देत्यात."

वाहवा! काय बोलली हो! पण चेअरमनच्या डोक्यात शिरलं नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाला खालचं ऐकू येत नाही — तुमच्या गावातल्या कुणाला बोललो नाही मी, उगाच मागं वळून बघू नका!

निघाली जत्रेला मंडळी. डोंगरावर पालखी आली, ढोल गडगडले, 'येळकोट येळकोट' झालं आणि भंडारा उधळला! म्हाताऱ्याचा हात वर गेला. दोन्ही हात वर गेले! उन्हानं घाम फुटलेला, त्यावर हळद बसलेली. पांढरा सदरा पिवळाधमक झाला, अक्षरंही पिवळी झाली, आणि गजराबाई त्याच्याकडं बघून लहान पोरीसारखी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली ती.

दुपारी वसंतच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. जत्रेतच भेटायचं ठरलेलं. मोठं घराणं. गजराबाई दर्शनाच्या रांगेत उभी राहायला निघाली. नातीसाठी देवापुढं पदर पसरायचा होता. म्हणाली, "वसंता, बापाकडं बघ. नजर हलवू नगं त्येंच्यावरनं."

"बघतो," म्हणाला वसंत.

आणि बघितलं त्यानं, मंडळी! काय बघितलं? बाप बघितला नाही, पाठ बघितली. म्हातारा चिंचेखाली कुशीवर झोपलेला. पाठीवर नाव. पाहुणे आता येतील, हे वाचतील, म्हणतील — यांच्या घरात वेडाचं बीज आहे! वसंतनं पिशवीतलं दाढीचं पातं काढलं. सदरा अंगातून काढावा तर म्हातारा काढू देत नसे, आरडाओरडा करायचा. म्हणून झोपल्या जागीच त्यानं टाके कापायला सुरुवात केली. आईनं घातलेला एकेक टाका लेकानं कापला हो! खाकी अक्षरं उचकटून खिशात कोंबली. तेवढ्यात पाहुण्यांची हाक आली. वसंतनं सदऱ्याकडं न बघताच घाईघाईनं बापाच्या अंगावर आपलं जरीकाठी उपरणं पांघरलं आणि धावला स्वागताला. या, बसा, चहा घ्या! चहा झाला, हसणं झालं. मागे वळून बघतो तर चिंचेखाली कुणी नाही.

गजराबाई प्रसाद घेऊन आली. "हे कुटं हायत?"

"इथंच होते आत्ता..."

एक क्षण ती घाबरली. मग स्वतःलाच धीर देत म्हणाली, "असू दे. पाठीवर नाव हाय की. कुणीतरी वाचंल, आणून सोडंल. मी उगं का शिवलंय?"

आणि वसंत खाली बघायला लागला. "काय रं?" म्हणाली आई. त्यानं खिशात हात घातला आणि मूठ तिच्यापुढं उघडली.

खाकी चिंध्या. वरची रेघ तुटलेली, 'दौ' एकीकडं, 'त' एकीकडं.

गजराबाईनं त्याला शिवी दिली नाही, थोबाडीत मारली नाही. नुसती म्हणाली, "आता त्येंस्नी कोण वळखंल रं?" आणि मंडळी, चेअरमन तिथंच ढसाढसा रडला. पाहुण्यांसमोर! मग पागोटं सावरत नाही, इस्त्री बघत नाही — बापाला हुडकायला गर्दीत घुसला.

गजराबाई निघाली हरवलेल्या माणसांच्या मंडपाकडं. तिथं एक स्वयंसेवक लाऊडस्पीकर घेऊन बसलेला. पोरगं भलं होतं, पण दिवसभर ओरडून घसा बसलेला.

"आजी, कोण हरवलं?"

"आमचं मालक."

"नाव सांगा."

"पिवळा सदरा हाय."

"अहो आजी, सगळी जत्राच पिवळी आहे! नाव सांगा."

"वसंताचं वडील."

"तसं नको हो! 'मालक हरवले' म्हणून पुकारलं तर निम्मी जत्रा येऊन उभी राहील इथं! नाव!"

पेटीवाले, जरा थांबा इथे. सूर नको.

गजराबाई उभी आहे. ओठापर्यंत नाव आलंय आणि सगळ्या जन्माची सवय त्याला मागे ओढतेय. आई बघतेय, सासू बघतेय, मेलेल्या जावा-नणंदा बघतायत — नाव घेशील? चारचौघांत? लाज नाही वाटत?

मंडळी, माझा प्रश्न आठवतोय ना?

गजराबाईनं पदर खोचला. पोराच्या हातातून माईक काढून घेतला. आणि त्या बेताच्या उंचीच्या बाईनं डोंगर दणाणून सोडला —

"दौलत! अवं दौलत! दौलत खराडे, बोरखडीचं! जिथं असाल तिथनं या! मी गजरा बोलतीया! दौलत!"

ढोल थांबले. रांग वळून बघायला लागली. आणि ती थांबेचना! एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर! दौलत, दौलत, दौलत! पोरगा म्हणाला, "आजी, मी पुकारतो आता." ती म्हणाली, "थांब! मला घेऊ दे!"

आणि इकडं म्हातारा कुठं होता? असणार कुठं — एसटीत! डोंगराच्या पायथ्याला गाडी उभी होती, भरली होती, तो चढला, खिडकीपाशी बसला. गाडी सुटली. गर्दीतून मुंगीच्या पावलानं सरकत फाट्याला आली. ड्रायव्हर आरशात बघतो तर काय — आपण ब्रेक दाबला की मागे बसलेला म्हातारा उजवा पाय दाबतोय! आपण गिअर टाकला की त्याचा डावा हात हलतोय! ड्रायव्हर हसला. म्हणाला, "कंडक्टर, बघा, हे आपल्यातलं माणूस दिसतंय. उतरायचं कुठं विचारा."

कंडक्टरनं विचारलं. म्हातारा म्हणाला, "गाडी जाईल तिथं." नाव विचारलं, तर नुसता बघत राहिला. आणि उकडायला लागलं म्हणून त्यानं काय केलं? खांद्यावरचं जरीकाठी उपरणं काढून टाकलं आणि पुढं वाकला!

मागच्या बाकावरची बाई ओरडली, "अगं बया! ह्यांच्या पाठीवर नाव हाय!"

नाव? वसंतनं तर उसवलं होतं! अहो, अक्षरं उसवली. पण जाड खाकीच्या खाली हळद पोचलीच नव्हती! सगळा सदरा पिवळा आणि जिथं जिथं अक्षर होतं, तिथं तिथं पांढरं शुभ्र! पिवळ्यावर पांढरं — दौलत खराडे, बोरखडी! खाकीपेक्षा जास्त ठसठशीत! चमत्कार म्हणू नका, मंडळी. खंडोबा शिंपीकाम करायला आला नव्हता. एका बाईनं कापड चांगलं निवडलं होतं आणि टाके दाट घातले होते. देव असाच येतो, कुणाच्या तरी हातातून!

फाट्यावर चढलेला एक माणूस उभा राहिला. "अहो, हेच नाव! आत्ता डोंगरावर एक म्हातारी लाऊडस्पीकरवर हेच नाव ओरडतेय! गहिवरून आलं आम्हाला!"

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मागं वळून प्रवाशांना म्हणाला, "मंडळी, उशीर होईल. पण आमच्यातल्या माणसाला घरच्यांच्या हवाली करून येऊ. काय म्हणता?" एक माणूस नाही म्हणाला नाही! ज्यानं आयुष्यभर गाडी वळवली, त्याच्यासाठी त्या दिवशी गाडी वळली! हॉर्न वाजवत, हॉर्न वाजवत भरलेली एसटी परत जत्रेत शिरली, खिडक्याखिडक्यांतून माणसं ओरडतायत — "सापडले! दौलतराव सापडले!" आणि वरून जत्रेनं साद दिली — येळकोट येळकोट, जय मल्हार!

वाजवा, तबलजी! आता नाही वाजवायचं तर कधी?

म्हातारा पायरीवरून खाली उतरला. समोर गजराबाई. तिनं त्याला पाठमोरं वळवलं, पांढरी अक्षरं बघितली, आणि तिथंच त्या पाठीवर डोकं टेकलं. म्हाताऱ्याला काही उमगेना. पण तो हळूच म्हणाला, "बाई, रडू नका. आमची गजरा हाका मारत होती. जायला पायजे."

ओळखलं नाही हो त्यानं तिला! पण हाक ओळखली! गजराबाईनं डोळे पुसले. "चला की," म्हणाली, "मी सोडते तुम्हाला तिच्याकडं." आणि त्याचा हात धरून चालायला लागली. जत्रेनं वाट करून दिली.

वसंत आला. बापाच्या पायावर पडला. मग सगळ्यांच्या देखत, पाहुण्यांच्या देखत, आईपुढं मांडी घालून बसला. "आई, सुई दे."

"तुला येत न्हाय."

"शिकव."

आणि त्या चेअरमननं खिशातली खाकी अक्षरं काढून बापाच्या पाठीवर परत शिवायला घेतली. टाके बघाल तर — काय सांगू! एक पूर्वेला, एक पश्चिमेला. 'ख' तर आडवाच पडला! गजराबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसाच. कुणी शिवलंय ते कळंल."

पाहुण्यांतले मोठे गृहस्थ हे सगळं बघत होते. वसंतला वाटलं, गेलं स्थळ. ते उठले, जवळ आले आणि खालच्या आवाजात गजराबाईला म्हणाले, "आत्याबाई, आमचे आण्णाही असेच झालेत. आम्ही त्यांना घरात कोंडून आलोय. बाहेरून कुलूप लावून." मग म्हणाले, "एक सदरा आमच्या आण्णांनाही शिवून द्याल?"

सोयरीक जमली, हे वेगळं सांगायला नकोच! पण खरी गंमत पुढच्या वर्षी. मल्हारवाडीच्या डोंगरावर पालखी आली आणि बघणाऱ्यांचे डोळे विस्फारले. गर्दीत म्हातारी माणसं! जी वर्षानुवर्षं दिसली नव्हती, मेली की काय असं वाटत होतं, ती! कुणाच्या पाठीवर निळी अक्षरं, कुणाच्या चोळीवर जांभळी, कुणाच्या कोऱ्या बंडीवर जुन्या पातळाची! नाव, गाव, लांबून वाचावं असं. भंडारा उधळला आणि थरथरणारे सगळे हात एकदम वर गेले! आणि मधोमध दौलत खराडे, आडव्या 'ख'चा सदरा घालून, शेजारी गजराबाई. कुणी तरी चेष्टेनं विचारलं, "आजी, मालकांचं नाव काय?" ती खणखणीत म्हणाली, "दौलत! ऐकू आलं न्हाय का? दौलत!"

तर मंडळी, लाज कशाची वाटावी? वसंतला लाज कधी वाटायला हवी होती — आईनं टाका घातला तेव्हा, की त्यानं कापला तेव्हा? तुम्ही मनात उत्तर दिलंत, मला चेहऱ्यावर दिसलं. आता ते उत्तर घरी घेऊन जा. या सप्ताहाला रोज येता, टाळ्या वाजवता, पुढं येऊन माझ्या पाया पडता. माझ्या? आणि घरी जे पाय धरायचे, ते आतल्या खोलीत, पडद्यामागं! "त्यांना कळत नाही हो, बुवा, म्हणून नाही आणलं." अरे, तुला तरी माझं सगळं कळलं का? तू कसा आलास मग?

उद्या काला आहे. घरी जे माणूस मागं ठेवून आला आहात, त्याला हात धरून घेऊन या. बरळलं तर बरळू दे, गाणं मध्येच म्हणालं तर मी थांबेन. प्रसाद आधी त्यांच्या हातावर पडेल, मग तुमच्या. एकटा आलेला मला दिसला, तर याच जागेवरून, याच माईकवरून, त्याच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला नावानं हाक मारीन! सांगा, आणणार ना? — असं नाही, पुटपुटू नका! — आणणार ना?

उचला टाळ!